तृणमण्यातील फुलाचे नाव

एखाद्या वस्तूचे नाव कळले की ती वस्तूच कळली, असा समज आपणां सर्वांच्या मनात लहानपणापासून घर करून बसलेला असतो. बागेतील झाडावरची पाटी वाचली की आपण समाधानाने पुढे चालू लागतो. पाटी वाचली पण झाड पाहिलेच नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही. पृथ्वीच्या प्राचीन काळातील वनस्पतींच्या बाबतीत हा समज फारच घातक ठरतो, कारण तेथे पाटी लिहिणारा शास्त्रज्ञही पुष्कळदा अंधुक प्रकाशातच पाहत असतो. अंबरात सापडणाऱ्या फुलांच्या, पानांच्या व बुरशींच्या नावांवरून विद्वानांत जे वाद होतात, ते वाचून "यांनाच नक्की ठाऊक नाही, मग आम्ही काय शिकायचे?" असे विचारणारे सुशिक्षित लोकही भेटतात. मला मात्र हे वाद फार मोलाचे वाटतात. त्यांतले काही वाद निकालात निघतात आणि काही वर्षानुवर्षे तसेच कुजत पडतात. असे का होते, हा प्रश्न वादांहूनही अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

प्रथम अंबर म्हणजे काय ते पाहू. झाडाच्या सालीला जखम झाली की तीतून चिकट राळ पाझरते. ती मातीत गाडली जाऊन लक्षावधी वर्षांत कठीण व पारदर्शक झाली म्हणजे तिला अंबर म्हणतात. संस्कृतात तिला तृणमणी असे सुरेख नाव आहे. हा मणी लोकरीवर घासला तर गवताच्या काड्या ओढून घेतो. फारसीतल्या 'कहरुबा' या शब्दाचा अर्थही गवत हिरावून घेणारा असाच आहे. ओली राळ ओघळत असताना तिच्यात मुंगी, माशी, परागकण, एखादी पाकळी, बुरशीचा तंतू असे जे सापडेल ते अडकते आणि राळेबरोबरच जपले जाते. दगडात उमटलेले पान चपटे झालेले असते. अंबरातील फूल आपल्या मूळ आकारात उभे असते. म्हणूनच ते ओळखणे सोपे असेल असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते सोपे नसते.

इ. स. १८७२ मध्ये कोनिग्सबर्ग येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट कास्पारी यांनी बाल्टिक समुद्राच्या प्रदेशातील अंबरात अडकलेल्या एका फुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंबरातील फुले बहुधा एक सेंटिमीटरहून मोठी नसतात. हे फूल २८ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. कोवालेव्स्की नावाच्या एका औषधविक्रेत्याकडे तो खडा होता, म्हणून कास्पारींनी फुलाला 'स्टुअर्टिया कोवालेव्स्कीआय' असे नाव दिले. स्टुअर्टिया ही चहाच्या कुलातील प्रजाती. पाच पाकळ्या आणि मध्यभागी पुंकेसरांचा दाट घोळका, हे पाहून त्यांनी हे नाते जुळवले. त्या काळच्या साधनांनी जेवढे दिसणे शक्य होते तेवढे त्यांनी पाहिले, आणि जे पाहिले ते नेटकेपणाने लिहून ठेवले.

पुढे दीडशे वर्षे हे नाव कायम राहिले. मधल्या काळात कास्पारी गेले, दोन महायुद्धे झाली, कोनिग्सबर्ग हे नावही नकाशावरून पुसले जाऊन त्या जागी कॅलिनिनग्राड आले. त्या शहराच्या विद्यापीठात लाखावर खड्यांचा अंबरसंग्रह होता, तो विखुरला गेला. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्णिलेले कितीतरी नमुने आज सापडत नाहीत. उरली आहेत ती केवळ त्यांची चित्रे. हे फूल मात्र बर्लिनमधील एका सरकारी भूशास्त्रीय संग्रहात सुखरूप होते. तेथे एव्हा-मारिया सादोव्स्की या विदुषींनी ते पुन्हा हाती घेतले. अंबराच्या पृष्ठभागाशी आलेले काही परागकण त्यांनी धारदार पात्याने हलकेच खरवडून काढले आणि व्हिएन्नाच्या क्रिस्टा-शार्लोट होफमान यांच्यासह ते प्रबळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पाकळी कोमेजते, पुंकेसर वाकतो; परंतु परागकणाचे कवच निसर्गातील अत्यंत टिकाऊ पदार्थांपैकी एका पदार्थाचे असते, आणि त्यावरील नक्षी व छिद्रांची ठेवण ही त्या त्या प्रजातीची जणू मोहोरच असते. ती मोहोर स्टुअर्टियाची नव्हती, सिम्प्लोकॉसची होती. २०२३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फुलाचे वय ३ कोटी ३९ लक्ष ते ३ कोटी ८० लक्ष वर्षांच्या दरम्यान आहे.

सिम्प्लोकॉस हे नाव आपल्याला परके वाटेल. परंतु आयुर्वेदातील लोध्र तो हाच. ज्याची साल वैद्य औषधात घालतात त्या लोध्राचे हे फूल सगोत्र आहे, आणि त्याच्या परागाचे साम्यही आज आशियात आढळणाऱ्या जातींशी दिसून आले आहे. कालिदासाच्या मेघदूतात अलकानगरीतील स्त्रिया लोध्राच्या परागाने मुखाला गौरता आणतात, हे संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवेल. ज्या परागाने कवीच्या नायिका नटल्या, त्याच जातकुळीच्या परागाने बाल्टिकच्या फुलाची ओळख पटवली, हा योगायोग मला फार गोड वाटतो. (शास्त्रीय लेखात असे लिहिले असते तर संपादकांनी ते खोडले असते, वार्षिकात चालून जावे.)

या सर्व प्रकरणात कास्पारींची मानहानी झाली, असे कोणी म्हणेल काय? वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनी तर त्यांचा मान राखलाच आहे. फुलाचे नवे नाव 'सिम्प्लोकॉस कोवालेव्स्कीआय' असे झाले; औषधविक्रेत्याचे नाव टिकले, आणि नव्या नावापुढे प्रथम कंसात कास्पारी व मग दोघी विदुषींची नावे येतात. ज्याने पहिल्याने पाहिले त्याला न विसरता, ज्यांनी नीट पाहिले त्यांचे म्हणणे मान्य करावयाचे, अशी ही उदार पद्धत आहे. परंतु ही दुरुस्ती कशामुळे शक्य झाली? नवी यंत्रे आली म्हणून, हे खरे. पण यंत्राखाली ठेवायला तो खडाच नसता तर? कास्पारींची अचूकता जेवढी उपयोगी पडली नाही, तेवढा त्या खड्याचा सांभाळ उपयोगी पडला.

आता दुसरे प्रकरण पाहू. त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. २०१५ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाचे जॉर्ज पॉइनार आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील अंबराच्या एका खड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे अंबर सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात गवताचे इवलेसे कणीस असून त्याच्या टोकाशी एक काळपट बुरशी आहे, आणि ही बुरशी अर्गटाची पूर्वज होय, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी तिला 'पॅलिओक्लॅव्हिसेप्स पॅरासिटिकस' असे नाव दिले.

अर्गट आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. बाजरीच्या कणसातून प्रथम गोडसर चिकट थेंब पाझरतात, आणि मग दाण्याच्या जागी काळपट, कठीण ग्रंथी धरतात. तो हाच रोग. बियाणे मिठाच्या २० टक्के द्रावणात बुडवून वर तरंगणाऱ्या ग्रंथी काढून टाकाव्यात, असा सल्ला कृषिखाते देत आले आहे, कारण या ग्रंथी विषारी असतात. युरोपात राय नावाच्या धान्यावरील अर्गटाने मध्ययुगात गावेच्या गावे पीडली. अर्गटातील द्रव्यांवर काम करतानाच स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट होफमान यांनी १९३८ साली एलएसडी हा मनोभ्रम उत्पन्न करणारा पदार्थ तयार केला. हा शेवटचा दुवा वर्तमानपत्रांच्या हाती पडला, आणि मग काय विचारता! अर्गट होता, तर मनोभ्रम होता. गवत होते, तर ते खाणारा डायनोसॉर होता. म्हणजे डायनोसॉर झिंगले होते, अशी मथळ्यांची माळच लागली. मुळात हाताशी होता तो एक खडा, त्यात एक कणीस, आणि कणसाच्या टोकाला एक काळी गाठ.

यातील प्रत्येक पायरीला शंका घेता येते. पहिली शंका कणसाची. ते खरोखर गवत आहे काय? या शंकेच्या बाबतीत पॉइनार यांना अगदीच निराधार म्हणता येणार नाही, आणि त्याचा एक पुरावा खुद्द महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले. निदान पाच प्रकारचे गवत त्या काळी भारतात होते, असे त्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत डायनोसॉर आणि गवत यांची गाठ पडलीच नव्हती, असे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत सांगत असत. पिसदुऱ्याचे अवशेष सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे २०१८ मध्ये चीनमधील एका डायनोसॉरच्या दातांवरही गवताच्या खुणा मिळाल्या, आणि त्या तर १० कोटी वर्षांहूनही जुन्या आहेत. तेव्हा ब्रह्मदेशात त्या काळी गवत असणे शक्य आहे. पण शक्य असणे निराळे आणि या खड्यात दिसणारे कणीस गवताचेच असणे निराळे. पहिल्याच्या जोरावर दुसरे सिद्ध मानता येत नाही.

दुसरी शंका बुरशीची. आजचा अर्गट ओळखायचा तर काळी ग्रंथी रुजवावी लागते; तीतून बारीक देठांची गोल डोकी उगवतात, आणि त्यांतल्या बीजाणूंवरून निश्चिती होते. दहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या ग्रंथीकडून ही अपेक्षा कशी करावी? शिवाय राळेचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. राळेवरच जगणाऱ्या बुरश्या निसर्गात आहेत. ओल्या राळेत बाहेरून तंतू वाढू शकतात. राळ आटताना हवेचे बुडबुडे लांबट होतात, भेगांना फांद्या फुटतात, आणि वस्तूभोवती दुधी पापुद्रा धरतो. यांपैकी कशाचेही सोंग बुरशीसारखे वठू शकते. तिसरी शंका विषाची. त्या गाठीत आजच्या अर्गटाची द्रव्ये होती, हा केवळ नात्यावरून काढलेला तर्क आहे. आणि नातेच जेथे वादात आहे तेथे तर्काला टेकू कशाचा?

माझे मत स्पष्ट सांगतो. या बुरशीला 'अर्गटासारखी दिसणारी' म्हणावे. अर्गट म्हणू नये, आणि पाठ्यपुस्तकात तर मुळीच घालू नये. यावर दुसऱ्या बाजूचे एक उत्तर आहे, व ते मला पुष्कळ अंशी पटते. नाव दिलेच नसते तर त्या खड्याकडे कोणी फिरकले नसते. धीट नाव म्हणजे इतरांना दिलेले आव्हान, असे ते म्हणतात. कास्पारी गप्प बसले असते तर सादोव्स्कींनी काय दुरुस्त केले असते? हे खरेच आहे. पॉइनार यांनी अंबरातील जीवांच्या अभ्यासाला आयुष्य दिले आहे, आणि अशा मनुष्याच्या धाडसाला हसणे शोभत नाही. परंतु आव्हान द्यायचे तर ते स्वीकारणाऱ्याला आखाड्यात येऊ दिले पाहिजे. खडा दुसऱ्या अभ्यासकाच्या हाती पडण्याची सोय नसेल, तर धीट नाव हे आव्हान राहत नाही. ती नुसती घोषणा होते.

आणि खरी चिंता येथेच आहे. ब्रह्मदेशातील अंबर काचिन राज्यातील हुकॉन्ग खोऱ्यातून येते. तेथे दीर्घकाळ सशस्त्र संघर्ष चालू आहे. २०१७ मध्ये सैन्याने खाणींचा प्रदेश ताब्यात घेतला. खडे सीमेपलीकडे चीनमध्ये जाऊन बाजारात विकले जातात. ज्याच्याजवळ पैसा त्याच्याजवळ नमुना. मग तो कपाटात ठेवील, दागिन्यात जडवील, नाहीतर एखाद्या शास्त्रज्ञाला चार दिवस पाहायला देऊन परत घेईल. पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली शास्त्रीय नियतकालिकांना पत्र लिहून, २०१७ नंतर मिळवलेल्या अशा अंबरावरील लेख छापू नयेत, अशी विनंती केली. त्याच वर्षी याच अंबरातील एक चिमुकली कवटी जगातील सर्वांत लहान डायनोसॉर-पक्ष्याची म्हणून मोठ्या गाजावाजाने प्रसिद्ध झाली, आणि चारपाच महिन्यांत तो लेख मागे घ्यावा लागला. ती सरड्याच्या जातीची होती. ही चूक इतक्या लवकर उघड झाली, कारण तशाच दुसऱ्या नमुन्याचा पुरावा अभ्यासकांना मिळाला. अर्गटाच्या कणसाला असा जोडीदार अद्याप लाभलेला नाही.

संग्रहालयात ठेवलेली वस्तू कालांतराने बोलते, याचे एक मजेदार उदाहरण लंडनचे आहे. बाल्टिक अंबरातील एका माशीचे वर्णन १८५० मध्ये झाले होते, आणि पुढे शतकभर मोठमोठ्या कीटकशास्त्रज्ञांनी ती प्राचीन मानली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस तो खडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, दिव्याच्या उष्णतेने त्यात भेग दिसू लागली. कोणा लबाडाने अंबर कापून, पोकळ करून, त्यात आजकालची एक साधी माशी बसवून ते पुन्हा चिकटवले होते! संग्रहालयाने खडा जपला म्हणून लबाडीही जपली गेली आणि उघडकीस आली.

"एवढा घोळ कशाला? अंबरातील वस्तूचा डीएनए तपासला की झाले," असे चित्रपट पाहिलेल्या आमच्या काही बालमित्रांना वाटत असेल. १९९३ च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनाही तसे वाटले होते. डोमिनिकन अंबर ज्या झाडापासून झाले त्या झाडाच्या पानातून डीएनए मिळाल्याचे जाहीरही झाले. परंतु अशा प्रयोगांची फेरतपासणी करणाऱ्यांना यश आले नाही, आणि मिळालेला डीएनए बाहेरून शिरलेला असावा असेच आज मानले जाते. तेव्हा डोळा, भिंग आणि धीर, यांनाच पर्याय नाही.

खुद्द बाल्टिक अंबर ज्या झाडाने दिले ते झाड तरी आपल्याला कुठे नक्की ठाऊक आहे? ह्यूगो कोनव्हेंट्झ यांनी १८९० मध्ये ते चीड, म्हणजे पाइन असल्याचे सांगितले. २००९ मध्ये काही संशोधकांनी अंबराच्या रासायनिक घटनेवरून जपानातील छत्रीसारख्या पानांच्या एका वृक्षाच्या कुलाकडे बोट दाखवले. इतरांना ते मान्य नाही. शतकानुशतके माळा ओवल्या, मणी विकले, आणि झाडाचे नाव अजून वादात आहे.

कोणी म्हणेल, चार कोटी वर्षांपूर्वीच्या फुलाला चहाचे म्हटले काय आणि लोध्राचे म्हटले काय, आपल्याला त्याचे काय? त्याचे उत्तर बडोद्याच्या दक्षिणेस, सुरत जिल्ह्यात मिळते. तेथील वस्तान येथे लिग्नाइटच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर सापडले. ते शाल वृक्षाच्या कुलातील झाडांच्या राळेचे आहे, असे रासायनिक परीक्षेवरून ठरले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातील कीटक व तत्सम जीव १४ गणांतील ५५ कुलांचे असल्याचे सांगितले आहे. भारतीय भूखंड आफ्रिकेपासून सुटून कोट्यवधी वर्षे एकटाच समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता, म्हणून येथले जीव अगदी वेगळे असावेत, अशी अपेक्षा होती. पण वस्तानच्या जीवांची नाती युरोप, आशिया आणि अमेरिकेतील जीवांशीही जुळली. म्हणजे आशियाला धडकण्याच्या सुमारास आपली भूमी तितकी एकाकी नव्हती. हा सारा निष्कर्ष उभा आहे तो चिमुकल्या देहांना दिलेल्या नावांवर. यांतली नावे चुकली तर आपल्या भूमीच्या प्रवासाची कथाच निराळी लिहावी लागेल.

ती नावे तपासायची तर खडे हवेत. वस्तानचे लिग्नाइट जळणासाठी काढले जात होते, आणि राळेचे खडे त्याच्याच थरांत मिसळलेले होते. अभ्यासकांनी वेचून नेले ते संग्रही राहिले. बाकीचे कोळशाबरोबर भट्टीत गेले असणार. त्यांत कोणती फुले होती, यावर आता वाद घालायलाही जागा उरलेली नाही.